यावलचा वणवा आणि केळीचं पाणी

भुसावळहून तापी ओलांडून अंजाळ्याच्या वाटेने यावलकडे निघालं की उत्तरेला सातपुडा आडवा पसरलेला दिसतो. श्रावणात तो हिरवा असतो. फाल्गुनात करडा पडतो आणि त्या करड्या अंगावर मधूनमधून काळे पट्टे उमटतात. ते वणव्याचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र केळीच्या बागा, ठिबकच्या नळ्या, बांधाशी उभे ट्रक आणि त्यांत भरले जाणारे घड. खाली एवढं हिरवं आणि वर एवढं काळं, या दोन रंगांचा एकमेकांशी काय संबंध, ते पाहायला होळीच्या सुमारास मी या भागात फिरत होतो.

यावल गाव जुनं आहे. नदीकाठी निंबाळकरांच्या किल्ल्याचे बुरूज अजून उभे आहेत. एकेकाळी हे गाव हातकागदासाठी आणि निळीसाठी ओळखलं जाई. ते दोन्ही धंदे कधीच बुडाले. आता तालुक्याची ओळख केळी. पूर्वेला फैजपूर, जिथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. त्यापुढे सावदा आणि रावेर. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या केळीचा गाभा हा यावल-रावेरचा पट्टा. उत्तरेला, जिथे बागा संपतात तिथे पावरा, बारेला, तडवी आणि भिल्लांच्या वस्त्या सुरू होतात. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय यावललाच आहे. बाजाराच्या दिवशी लेवा बोली, तडवी, पावरी आणि अहिराणी एकाच हातगाडीभोवती ऐकू येतात.

आग पहिल्यांदा जवळून पाहिली ती डोंगरात नव्हे, शेतात. यावल-फैजपूर रस्त्यावर हिंगोण्याच्या अलीकडे एका कापसाच्या रानात पऱ्हाटीचे ढीग पेटवले होते. शेतकरी बांधावर उभे होते. “जाळता कशाला, अण्णा?” असं विचारल्यावर ते हसले. “न जायून काय करू भाऊ? पह्यले चुलीले लागे, आता घरोघरी गॅस आला. मजूर लावून उचलाले पैसे, टाकाले जागा नाही. आन् बोंडअयी? ते कोन मारीन?”

त्यांच्या शेवटच्या प्रश्नात तथ्य आहे. गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर उभ्या पऱ्हाटीत आणि किडक्या बोंडांत तग धरते. म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटून तिची विल्हेवाट लावा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. केळीवर विषाणूजन्य सीएमव्ही रोग आला की रोगट झाडं उपटून जाळायला किंवा पुरायलाच सांगितलं जातं. म्हणजे शेतातली आग सरसकट अडाणीपणाची नसते. फुकट आणि लगेच हाताशी असलेलं ते एकमेव औषध असतं.

पण त्या औषधाची किंमत जमीन मोजते. पाला-काडी पेटली की साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातला नत्र वायू होऊन उडायला लागतो. आग आणखी तापली की गंधकही उडतो. स्फुरद, पालाश आणि चुना राखेत उरतो, म्हणून जाळलेल्या जागी पहिलं पीक जोमदार येतं आणि ‘जाळल्याने जमीन सुधारते’ हा समज पक्का होतो. राख मात्र हलकी. वाऱ्याने उडते, पहिल्या वळवाने वाहून जाते. पंजाबातल्या भाताच्या पेंढ्याचा हिशेब अनेकदा मांडला जातो. एक टन पेंढा जाळला तर सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि १.२ किलो गंधक शेताबाहेर जातं. पऱ्हाटीचे आणि मक्याच्या धांड्यांचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच. केळी हे पालाशाला अतिशय हावरं पीक. एका बांधावर पालाश धुरा-राखेत घालवायचा आणि शेजारच्या बागेसाठी पोटॅशच्या गोण्या विकत आणायच्या, असा हा व्यवहार आहे. अन्नद्रव्यांपेक्षा मोठं नुकसान सेंद्रिय कर्बाचं. भारी जमिनीत पाणी धरून ठेवणारा आणि गांडुळं जगवणारा कर्ब विकत मिळत नाही.

यावलहून उत्तरेला वाघझिरा, हरिपुऱ्याच्या दिशेने गेलं की जमीन बदलते. काळी माती संपून गोटे, वाळू आणि मुरूम सुरू होतो. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं डोंगराचे तुकडे आणून पायथ्याशी ओतले, त्यांचा हा थर. भूशास्त्रात याला बझाडा म्हणतात. चोपड्यापासून रावेरपर्यंत डोंगराच्या पायाशी तो पट्टा पसरलेला आहे. मोर, सुकी यांसारख्या नद्या डोंगरात वाहत्या असतात आणि या पट्ट्यात शिरल्यावर त्यांचं पाणी गोट्यांखाली उतरू लागतं. ते जमिनीखालून दक्षिणेला सरकतं आणि तापीकाठच्या गाळात साठतं. केळीच्या विहिरी आणि बोअरवेल याच साठ्यावर चालतात.

हा साठा आता थकला आहे. भूजलाच्या सरकारी मोजणीत यावल आणि रावेर हे तालुके अतिउपसा झालेल्यांत येतात. जमिनीत मुरतं त्यापेक्षा उपसलं जातं जास्त. म्हणूनच तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी आणून या बझाडा पट्ट्यात जिरवायची महापुनर्भरण योजना पुढे आली. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी भोपाळला करार झाला. योजना प्रचंड आहे, खर्चही तसाच. पण जिरवण्याचं हेच काम डोंगरावरचा पालापाचोळा फुकट करत असतो, आणि आपण तो दर उन्हाळ्यात पेटू देतो.

सावद्याहून खिरोदामार्गे पालला जाणारा रस्ता या डोंगरात शिरतो. पाल हे रावेर तालुक्यातलं गाव, यावल अभयारण्याचं पूर्वेकडचं दार. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर, उत्तरेची हद्द मध्य प्रदेशाला भिडलेली. अनेर आणि सुकी या इथल्या मुख्य नद्या. जंगल कोरडं पानझडी : साग, अंजन, सालई, धावडा, खैर, साजड, टेंभुर्णी, मोह, पळस. अंजनाची राई हे या भागाचं खास वैभव. फुलपाखराने पंख मिटावेत तशी जोडपानं आणि त्यांतून झिरपणारं ऊन. अस्वल, बिबट्या, तरस, नीलगाय, सांबर हे इथले रहिवासी.

घाटात एका वळणावर उतरून जळालेल्या उतारावर चढलो. वाटेत भेटलेला एक वनमजूर सोबत आला. इथली आग बातम्यांत दिसणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या आगीसारखी नसते. झाडाचे शेंडे पेटत नाहीत. आग जमिनीलगत, गुडघ्या-कमरेच्या उंचीने, गवत आणि पाला खात जाते. उतारावर ती वर चढताना वेग घेते, कारण ज्वाळा वरच्या बाजूचं गवत आधीच वाळवून तापवतात. माती उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे दोन-चार बोटं खाली फारसा चटका पोचत नाही. म्हणून जंगल ‘मेलं’ असं वाटत नाही. पंधरवड्यात पळस फुलतो, गवताला हिरवे कोंब येतात. जाणारा-येणारा म्हणतो, काही बिघडलं नाही.

बिघडतं ते बुडाशी. सोबतचा माणूस काठीने राख सारून दाखवत होता. सागाची करंगळीएवढी रोपं काळी पडलेली, मुळाशी मात्र जीव धरून. साग, साजड, पळस, टेंभुर्णी ही मुळातून पुन्हा फुटणारी झाडं. पण दरवर्षी फुटायचं, दरवर्षी जळायचं, या खेळात रोप वर्षानुवर्षं गुडघ्याच्या वर जात नाही. ज्यांची साल पातळ आणि मुळात साठा कमी, ती तर फुटतही नाहीत. पन्नास वर्षांत मोठी झाडं म्हातारी होऊन पडतात आणि त्यांची जागा घ्यायला कोणी नसतं. जंगल नाहीसं होत नाही, त्यातल्या जाती कमी होतात. आगीला पुरून उरणारी तेवढी शिल्लक राहतात.

दुसरं बिघडतं ते पाण्याचं. पाला हा जंगलाचा बिछाना. जूनचा पहिला पाऊस सातपुड्यात सरळ फटके मारत येतो. खाली पाला असेल तर थेंब त्याच्यावर फुटतो, पाणी सावकाश मातीत उतरतं. पाला जळालेला असेल तर थेंब उघड्या मातीवर आदळतो, मातीचे बारीक कण उडून तिच्याच भोकांत बसतात आणि वर पोपडा धरतो. मग पाणी मुरायचं सोडून उतारावरून पळतं आणि राख, माती, मुरूम घेऊन नाल्यात जातं. तो गाळ पुढे धरणांत साचतो आणि बझाड्याच्या तोंडाशी बसून त्याचीही भोकं बुजवतो. फैजपूरच्या विहिरीची पातळी आणि पालच्या उतारावरचा पाला यांचं नातं हे असं आहे.

आगीच्या कडेला कोतवाल आणि नीलपंख घिरट्या घालत असतात, हे दृश्य फसवं. त्यांना पळणारे टोळ मिळतात, तेवढ्यापुरती मेजवानी. पण फेब्रुवारी ते जून हाच जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचा काळ. रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतो, तित्तर गवताच्या बुडाशी. सापसुरळ्या, सरडे, कासवं यांना आगीपुढे पळता येत नाही. आणि एक नुकसान सहसा मोजलंच जात नाही : पोकळ झाडं. आतून कुजलेल्या जुन्या खोडात ठिणगी शिरली की ते दिवसचे दिवस आतल्या आत धुमसत राहतं आणि एका रात्री कोसळतं.

ही पोकळ झाडं यावलला विशेष महत्त्वाची, कारण इथे रानपिंगळा राहतो. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ साली वर्णन केलेलं हे छोटं, दिवसा वावरणारं घुबड. १८८४ नंतर ते कोणाला खात्रीने दिसलंच नाही आणि नामशेष झालं असं धरलं गेलं. पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, याच सातपुड्याच्या पायथ्याशी, ते पुन्हा शोधून काढलं. पुढे यावलच्या जंगलातही त्याची नोंद झाली. ते घरटं करतं झाडांच्या ढोलीत, खातं सरडे, सापसुरळ्या आणि उंदीर. म्हणजे त्याचं घर आणि त्याचं ताट दोन्ही वणव्याच्या वाटेवर. गंमत अशी की त्याला घनदाट जंगल नको असतं. विरळ, मोकळं, गवताळ रान हवं असतं. आणि असं रान टिकवण्यात आगीचाही वाटा असतो.

इथे प्रश्न सरळ राहत नाही, आणि हा गुंता नवा नाही. याच सातपुड्याच्या पूर्वेकडल्या भागात, मध्य प्रदेशातल्या बोरीला, १८६५ च्या सुमारास इंग्रज वनाधिकाऱ्यांनी जंगल आगीपासून संपूर्ण राखण्याचे देशातले सुरुवातीचे प्रयोग केले. आग म्हणजे शत्रू, हे धोरण तिथून देशभर गेलं. तीस वर्षांनी, १८९६ साली, एच. स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये ब्रह्मदेशातल्या अति अग्निसंरक्षणाविरुद्ध लेख लिहिला. आग बंद केली तिथे सागाची नवी रोपंच येईनात, असं त्याचं म्हणणं. पुढे सरकारलाही काही जंगलांत थंडीतली नियंत्रित जाळणी मान्य करावी लागली.  पर्यावरण-अभ्यासक जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं की आशियातली आपण ‘बिघडलेली जंगलं’ म्हणतो त्यांतली बरीचशी मुळातच गवत-झाडांची, आगीशी जुनी ओळख असलेली सॅव्हाना आहेत.

कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक उन्हाळा तापण्याआधी पाल्याला हलकी आग लावत. ती बंद झाल्यावर घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं, हे ते स्वतः सांगतात. याउलट अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडलं ते दुष्टचक्र : आग लागते, मोकळ्या जागी घाणेरी घुसते, घाणेरीचं वाळकं जाळं पुढची आग आणखी भडकवते. दोन्ही म्हणणी एकमेकांना खोडतात असं वाटतं, पण दोन्हींतली आग वेगळी आहे. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात नरेंद्रन कोडंडपाणी आणि सहकाऱ्यांनी आगीच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच जागी आग परतायला सरासरी १० वर्षं लागत. १९८९ ते २००२ या काळात ते अंतर साडेतीन वर्षांच्याही आत आलं. दहा वर्षांनी आलेली आग रोपाला सावरायला वेळ देते. तीन वर्षांनी आलेली देत नाही. सगळा फरक या अंतराचा आहे.

मग यावलला आग लावतं कोण? आकाशातून ती पडत नाही. उन्हाळ्यात इथे विजेने लागणाऱ्या आगी विरळाच. पालच्या पुढे एका मोहाखाली टोपली घेऊन बसलेल्या पावरा बाईला विचारलं. मोहाची फुलं पहाटे गळतात, फिकट पिवळी. “पाला असला तर फूल दिसत नाही, दादा. विंचू पण असते. म्हणून बुडाशी जाळतात. वारा आला की आग आपलं ऐकत नाही.” हे पहिलं कारण. दुसरं तेंदूपान : जाळलेल्या टेंभुर्णीला मुळातून मऊ, मोठी पानं फुटतात आणि एप्रिल-मेमध्ये विडीसाठी त्यांना भाव येतो. तिसरं, गुरांसाठी कोवळं गवत. चौथं, नव्या शेतासाठी जंगल मोकळं करणं. पाचवं, बेफिकिरीने टाकलेली विडी आणि सहलीला आलेल्यांची विझवलेली-न विझवलेली चूल.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, वन्यजीव अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यातही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन खात्याचा आगीचा हंगाम. त्याआधी खातं स्वतः जाळरेषा जाळून घेतं. रात्री गवत दवाने ओलसर असतं तेव्हा ठरावीक पट्टे पेटवायचे, म्हणजे पुढे आलेल्या वणव्याला खायला काही उरत नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे उपग्रह-इशारे मोबाइलवर येतात. त्यातला एक संवेदक ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत आग हेरतो. पण इशारा आल्यावर त्या चौकोनापर्यंत पायी पोचून हिरव्या फांद्यांनी किंवा पाठीवरच्या ब्लोअरने आग विझवणारा माणूस तोच, ज्याच्या घरची मंडळी मोह वेचायला गेलेली असतात. त्याला गुन्हेगार ठरवून वणवा थांबणार नाही.

उपाय माहीत नाहीत असं नाही. मोहाखाली जाळी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही, फूल मातीत पडत नाही आणि स्वच्छ फुलाला भावही चांगला मिळतो. टेंभुर्णीची झुडपं वेळेत छाटली की आगीशिवायही नवी पानं फुटतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तर तेंदूपान तोडायचंच नाही असं ग्रामसभेत ठरवलं. कारण त्यापायी झाडं छाटली जातात, जंगल जळतं. त्यांनी बांबूवर भर दिला. जे जंगल आपल्या नावावर आहे ते माणूस राखतो, हे पाचगावने दाखवलं. शेतातल्या पऱ्हाटीसाठी श्रेडर आहे. भुगा करून कुजवला की बोंडअळीही मरते आणि कर्बही शेतात राहतो. एका शेतकऱ्याला ते यंत्र परवडत नाही, गावाला मिळून परवडतं.

या भटकंतीतून माझं मत पक्कं झालं ते असं. ‘आग चांगली की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. थंडीत, ओलसर गवतावर, वर्षांच्या अंतराने, माणसं उभी करून लावलेली आग सातपुडा सोसू शकतो. कदाचित त्याच्या मोकळ्या रानांना ती हवीही असेल. एप्रिलच्या दुपारी, दरवर्षी, त्याच उतारावर, सोडून दिलेली आग तो सोसू शकत नाही. आणि तिचं बिल डोंगरातल्या पावऱ्याइतकंच खालच्या केळीवाल्याला येतं. म्हणून मोहाच्या जाळ्यांचा आणि आग राखणाऱ्यांच्या मजुरीचा खर्च आदिवासी योजनेतून येतो की वन खात्यातून, यावर वाद घालण्यापेक्षा केळीच्या पट्ट्याने तो आपलाच पाण्याचा खर्च समजावा. तापीचं पुराचं पाणी बझाड्यात यायला वर्षं लागतील. डोंगरावरचा पाला राखायला येत्या फेब्रुवारीतही सुरुवात करता येईल.

पालला जायचं तर पावसाळ्यानंतर ते थंडीपर्यंतचा काळ उत्तम. अंजनाची राई तेव्हा भरलेली असते. होळीच्या आधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार पाहायला आलात तर तेव्हाचं जंगल काडेपेटीच्या तोंडाशी आलेलं असतं, हे ध्यानात ठेवा. अभयारण्यात चूल पेटवू नका, विडी-सिगारेट ओढू नका. कुठे धूर दिसला तर फोटो काढत बसण्याआधी वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.